ब्रॅकनफर्डचं रेशनकार्ड

सुनीती हिवाळे नगरच्या पुरवठा कार्यालयात अव्वल कारकून होती. तिला एखादी फाईल हवी झाली, की ती सापडेपर्यंत कार्यालयातल्या कुणालाही सुखाने चहा पिता येत नसे. पण २०४१ साली, वयाच्या पन्नाशीत, ती ज्या फाईलच्या मागे हात धुऊन लागली होती ती तिच्या कार्यालयातली नव्हतीच. ती होती नॅथॅनिएल थॉर्नबी नावाच्या एका इंग्रजाची. हा गृहस्थ १६३८ साली जहाजात बसून अमेरिकेला गेला आणि ब्रॅकनफर्ड नावाच्या नव्या वसाहतीत गावची डुकरं राखू लागला.

हा डुकरं राखणारा सुनीतीच्या नवऱ्याचा पूर्वज होता. त्याची पणतीच्या पणतीची कुणीतरी, डॉक्टर हॅना थॉर्नबी, १८९६ साली नगरच्या बायकांच्या दवाखान्यात काम करायला आली आणि दोन वर्षांत दाविद हिवाळे नावाच्या शाळामास्तराशी लग्न करून मोकळी झाली. गावाने वर्षभर तोंडात बोटं घातली, मग आपापल्या सुना बाळंतपणासाठी तिच्याकडेच पाठवायला सुरुवात केली. हॅनाबाईंच्या बायबलच्या पुढच्या कोऱ्या पानांवर नॅथॅनिएलपासून त्यांच्यापर्यंतची सगळी नावं शाईने लिहिलेली होती. ते बायबल हिवाळ्यांच्या कपाटात अजून होतं.

हॅनाबाईंनी बायबल आणलं तसं आणखीही एक आणलं होतं, त्यांच्याही नकळत. हृदयाचा स्नायू वर्षाला थोडाथोडा जाड करत नेणारं एक चुकीचं अक्षर. माणसाच्या पेशीत तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो. त्यात हे एक बदललेलं. सुनीतीचा नवरा सॅम्युएल चर्चच्या आवारात क्रिकेट खेळताना धाव घ्यायला निघाला आणि खेळपट्टीच्या मधोमध पडला. तो चौतीस वर्षांचा होता आणि त्यांची अनुग्रहा सहा. आता अनु तेवीस वर्षांची होती आणि ते अक्षर तिच्यातही होतं. चार वर्षांपूर्वी तपासणीत ते कळलं, त्या दिवसापासून सुनीतीने ठरवून टाकलं होतं की ही पोर चौतिसाव्या वर्षी जायची नाही. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"हिवाळेबाई, बातमी चांगली नाही," पुण्याहून डॉ. आल्हाद सबनीस फोनवर म्हणाले. ते पूर्वजांच्या पुनर्जुळणीच्या प्रकल्पाचे प्रमुख होते आणि सुनीती वर्षभर त्यांना वंशावळीचे कागद तपासून देत होती. "तीस जूनला आपली मुदत संपते. तोवर राखणदार सापडला नाही तर प्रकल्प गुंडाळावा लागेल."

"आज मेची बारा तारीख आहे," सुनीती म्हणाली. "मग अजून सात आठवडे आहेत की."

राखणदार हा शब्द सबनीसांचाच. थॉर्नबीच्या वंशातले, ते चुकीचं अक्षर असलेले लोक जगभर होते आणि बहुतेक सगळे चाळिशीच्या आत गेलेले होते. अपवाद फक्त सात जणांचा. सातही जण पंचाहत्तरीच्या पुढचे, टुणटुणीत, आणि सातही क्रॅनवेल नावाच्या एकाच घराण्यातले. म्हणजे त्यांच्यात दुसरं काहीतरी होतं, जे त्या वाईट अक्षराला वठणीवर ठेवत होतं. ते एकदा सापडलं, की तेच काम करणारं औषध बनवणं आता वर्षा-दोन वर्षांची गोष्ट उरली होती. सापडत नव्हतं, तेवढंच अडलं होतं.

शोधायची रीत सुनीतीने समजून घेतली होती. समजा, एक गोधडी आहे. तिची अर्धी ठिगळं एका मुलाला दिली, वेगळी अर्धी दुसऱ्याला, मग त्यांनी आपापल्या मुलांना. बारा-तेरा पिढ्यांनी प्रत्येकाकडे मूळ गोधडीची एखाद-दुसरी चिंधीच उरते, कुणाकडे तीही नाही. पण वारस हजारो असतील, तर सगळ्यांच्या चिंध्या जमवून, कडेला कड जुळवून, मूळ गोधडी पुन्हा शिवता येते. पुनर्जुळणीचं यंत्र हेच करत होतं. चारशे वर्षांपूर्वी मातीत गेलेल्या माणसाचा सगळा मजकूर ते जिवंत माणसांच्या थेंब-थेंब रक्तातून परत लिहून काढत होतं. फक्त त्याला एक गोष्ट आयती लागत होती, ती म्हणजे वंशवृक्ष. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची लेक. तिथे चूक झाली तर ठिगळं भलत्याच गोधडीला लागायची.

आणि घोळ नेमका क्रॅनवेलांच्या वृक्षात होता. वृक्ष सांगत होता, की वसाहतीचे संस्थापक एडमंड क्रॅनवेल यांचा मुलगा जोसाया; त्याने डुकरं राखणाऱ्या थॉर्नबीची मुलगी पेशन्स बायको केली; तिच्याकडून ते वाईट अक्षर या घराण्यात आलं. आता बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जसाच्या तसा जाणारा एक धागा प्रत्येक पुरुषात असतो. क्रॅनवेल पुरुषांमधला तो धागा इंग्लंडमधल्या बाकीच्या क्रॅनवेलांशी जुळायला हवा होता. तो जुळत होता थॉर्नबींशी. यंत्राने सरळ निष्कर्ष काढला, की प्रयोगशाळेत नमुन्यांची सरमिसळ झाली आहे, आणि क्रॅनवेलांच्या साठच्या साठ नमुन्यांची पेटी बाद करून टाकली.

"पुन्हा नमुने घ्या ना," सुनीती सबनीसांना म्हणाली होती.

"देत नाहीत. क्रॅनवेल वंशजांचं मंडळ आहे. आम्ही विचारलं, नमुने बरोबर असतील तर तुमच्या घराण्यात काही वेगळं घडलं असेल का? त्या प्रश्नानेच अध्यक्षबाई भडकल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या आजीच्या अब्रूचा प्रश्न! जुने नमुनेही त्यांच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत."

घरी परिस्थिती फार बरी नव्हती. अनु शेतीच्या ड्रोनची दुरुस्ती करायची आणि तिचा हात असा बसला होता की कोचीच्या एका कारखान्याने तिला बोलावलं होतं. सुनीतीने तीन महिने त्यावर 'बघू' म्हटलं होतं.

"आई, मी त्यांना होकार कळवलाय," अनुने पोळी मोडता मोडता सांगितलं.

"माझं काम संपेपर्यंत थांब ना."

"तुझं काम माझ्याबद्दल आहे, आणि मला त्यात काही बोलायची सोय नाही. वर्षभर तू माझ्याकडे बघितलंयस का? तू माझ्यातलं ते अक्षर बघत असतेस. मी जेवले का विचारतानाही तुझं लक्ष माझ्या छातीकडे असतं."

सुनीतीला ते लागलं, कारण ते खरं होतं. तिने अनुच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि मग स्वतःचाच राग येऊन ती उठून गेली.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने ब्रॅकनफर्डचे कागद पुन्हा उघडले. वसाहतीचं सगळं जुनं दप्तर छायाचित्रं काढून ठेवलेलं होतं आणि यंत्र त्या वेड्यावाकड्या अक्षरांचं मराठी करून द्यायचं. १६५१ सालची घरवार यादी तिने शंभरदा पाहिली असेल. प्रत्येक घराचा कर्ता, त्याचं आडनाव, खाली माणसांची नुसती पाळण्यातली नावं आणि वयं. थॉर्नबीच्या घरी: बायको, चार मुलं, त्यात पेशन्स, वय नऊ. क्रॅनवेलच्या घरी: बायको, तीन मुलं, त्यात जोसाया, वय अकरा. सगळ्या वंशवृक्षांचं मूळ हीच यादी होती, कारण बाप्तिस्म्यांची वही प्रार्थनागृहाबरोबर जळाली होती.

आज तिने प्रथमच यादीचा मथळा वाचला. आजवर ती घाईघाईने नावांवर उतरत असे. वर लिहिलं होतं, की येत्या हिवाळ्यासाठी गावच्या कोठारातला मका माणशी कसा वाटायचा, त्याची ही नोंद.

सुनीती खुर्चीत सरळ झाली. मग ती एकटीच मोठ्याने हसली.

"अनु! अगं, इकडे ये! ही वंशावळ नाहीच. हे रेशनकार्ड आहे!"

अनु हात पुसत आली. "म्हणजे?"

"सव्वीस वर्षं मी कार्डं बघतेय. कार्डावर कोण असतं? घरात जेवणारं माणूस. भाचा असतो, शिकायला ठेवलेली पुतणी असते, सासऱ्यांचा चुलतभाऊ असतो. कार्डावर नाव आहे म्हणून कुणी कुणाच्या पोटचं होत नाही. आमच्याकडे नवीन आलेला पोरगाही ही चूक करत नाही. या शहाण्या यंत्राने केली, कारण त्याला कुणी उपाशी ठेवलं नाही कधी."

"पण दुसऱ्याचं मूल त्यांच्या घरी कशाला असेल?"

त्याचं उत्तर शोधायला तीन दिवस लागले, पण ते लपलेलं नव्हतं. त्या वसाहतींमध्ये रीतच होती. मूल आठ-दहा वर्षांचं झालं, की चांगल्या खात्यापित्या घरातलेही आईबाप त्याला दुसऱ्याच्या घरी ठेवायचे. काम शिकावं, वळण लागावं म्हणून. आणि आपल्या घरी लाडाने बिघडेल या भीतीनेही. एकमेकांची मुलंही अशी ठेवून घेत. मग एडमंड क्रॅनवेलने आपली लेक शेजारी थॉर्नबीकडे ठेवली असेल आणि त्याचा मुलगा काम शिकायला आपल्याकडे आणला असेल, तर? मका जो जिथे जेवतो त्या घरी लिहिला गेला. पुढे दोघं मोठी झाली, त्यांचं लग्न झालं, आणि नंतरच्या लोकांनी यादी बघून आडनावांची अदलाबदल करून टाकली. नमुने बरोबरच होते. जोसाया थॉर्नबी होता. क्रॅनवेल होती ती पेशन्स.

पण हे सबनीसांना पटण्यासाठी पुरावा हवा होता. यंत्राने आडनावं लावून लावून दप्तर चाळलं होतं आणि काहीच हाती आलं नव्हतं. सुनीतीने आडनावं सोडून दिली. ती स्वतः तीन वर्षांची असताना तिच्या आईने तिला श्रीरामपूरला मावशीकडे दिली होती. मावशीला मूल नव्हतं आणि नेवाशाच्या घरी पाच होती. मावशीने जीव लावला, काही कमी केलं नाही. तरी आईच्या घराबद्दलचा एक राग सुनीतीच्या पोटात अजून होता. त्या सगळ्या वर्षांत आईने तिला एकदाच हक्काने परत मागून घेतलं होतं, धाकट्या भावाच्या वेळी, बाळंतपणात. तेव्हाचे दहा दिवस तिला दिवसवार आठवत होते.

म्हणून तिने गावसभेच्या इतिवृत्तात बाळंतपणं शोधली. एकेक पान, कार्यालयातून आल्यावर दिवेलागणीपासून जेवणापर्यंत. बाराव्या दिवशी, १६५३ च्या ऑगस्टात, डुक्कर कुंपणात शिरल्याचा दंड आणि पुलाची फळी यांच्यामध्ये तिला दोन ओळी सापडल्या. एडमंडच्या बायकोने सभेला विनंती केली आहे, की तिचे दिवस भरत आले आहेत, तरी दुसऱ्या घरी राहायची मुदत संपायच्या आधी पेशन्सला दहा दिवस आईजवळ राहू द्यावं. सभेने मान्य केलं.

सुनीतीने ते वाचलं आणि तिला रडू आलं. ती मन भरून रडली, तोंड धुतलं आणि सबनीसांना फोन लावला.

"मला अध्यक्षबाईंशी बोलायचंय."

"हिवाळेबाई, मी तीनदा प्रयत्न केला."

"तुम्ही शास्त्रज्ञ आहात. रागावलेल्या माणसाशी खिडकीतून बोलायचा अनुभव मला आहे."

जूनच्या सहा तारखेला संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, पडद्यावर जुडिथ क्रॅनवेल दिसल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पाठ ताठ, गळ्यात मंडळाचं पदक. त्यांच्या शेजारी पंचविशीतली एक मुलगी कॅमेरा नीट करत होती. "माझी नात, मॅडी," त्या म्हणाल्या. तिघींच्याही कानात यांत्रिक दुभाष्या होता. त्याने बाईंचा आवाज मराठीतही कडकच ठेवला.

"तुम्हीही माझ्या पूर्वजांच्या चारित्र्याबद्दल बोलणार असाल तर मी आत्ताच थांबते."

"चारित्र्याला काहीही झालेलं नाही," सुनीती म्हणाली. "कुणी कुणाला फसवलं नाही. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची मुलं वाढवली, एवढंच." आणि तिने मक्याची यादी दाखवली, मग गावसभेच्या दोन ओळी दाखवल्या.

जुडिथबाईंनी त्या ओळी चष्मा लावून मूळ इंग्रजीत दोनदा वाचल्या.

"म्हणजे मी डुकरं राखणाऱ्याची वंशज?"

"आम्हीही त्याचेच. आमचं काही बिघडलं नाही."

"आणि क्रॅनवेल नाही."

"आहात की! पेशन्स एडमंडचीच लेक. तिच्याकडून तुम्ही सगळे क्रॅनवेलच."

"आमच्या मंडळाचा नियम आहे," बाई सावकाश म्हणाल्या. "१८९१ पासूनचा. मुलांकडून आलेला वंशच धरायचा. मुलीकडचा नाही. ही माझ्या मुलीची मुलगी. माझी सगळी कामं हीच बघते, पण मंडळात ही कधी सभासद होऊ शकली नाही. वार्षिक जेवणाला ही बाहेरच्या टेबलावर बसते."

"मग तुमच्या नियमाने साठच्या साठ जणांना बाहेरच्या टेबलावर बसावं लागेल," सुनीती म्हणाली. "नाहीतर नियम बदलून हिला आत घ्यावं लागेल. तिसरी वाट मला तरी दिसत नाही."

मॅडीने तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. जुडिथबाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती गप्प झाली.

"विचार करायला मला सप्टेंबरपर्यंत वेळ लागेल."

"तेवढा नाही," सुनीती म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. "मी तुम्हाला स्पष्ट सांगते. मला तुमच्या घराण्याचं काही घेणंदेणं नाही. माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिचा बाप चौतिसाव्या वर्षी माझ्यासमोर मैदानात पडला. तुमच्यातले सात जण ज्यामुळे म्हातारे झाले ते मला हवंय. ते पेशन्सने दिलेलं असणार, कारण थॉर्नबीची बाकी सगळी शाखा मरते आहे. तीस जूननंतर ते कुणी शोधणार नाही. मी तुमच्यापुढे पदर पसरते."

दुभाष्याला शेवटचं वाक्य नीट जमलं नसावं. पण ते कळायला दुभाष्या लागत नव्हता. जुडिथबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

"तुमची मुलगी माझी कोण लागते?"

"हिशेब करायला यंत्र लागेल. आमच्याकडे एवढ्या लांबच्या नात्यात सरळ नात म्हणून मोकळे होतात."

मंडळाची सभा तिकडे तीन दिवस चालली म्हणे. दोघांनी राजीनामे दिले, एकाने जुडिथबाईंना घरभेदी म्हटलं, आणि त्यांनी त्याला सभेतच विचारलं की घर कुठलं, क्रॅनवेलांचं की थॉर्नबींचं, ते आधी ठरव. एकवीस जूनला परवानगीचं पत्र आलं. सोबत मॅडीचा निरोप होता, की नियम बदलला आहे आणि सगळ्यात आधी सभासद झाल्याबद्दल आजीने तिला झाडून सगळी जुनी कागदपत्रं लावायच्या कामाला जुंपलं आहे.

दुरुस्त वृक्ष यंत्रात घातल्यावर पेशन्सची गोधडी दोन दिवसांत शिवून झाली. राखणदार तिच्यातच होता. वाईट अक्षराच्या अगदी शेजारी बसणारा एक लहानसा बदल. जोसायाकडून अक्षर आणि पेशन्सकडून राखणदार, असे दोन्ही त्यांच्या मुलात आले, तिथून पुढच्या पिढीत ते एकाच धाग्यावर चढले आणि मग कधी वेगळे झालेच नाहीत. सात म्हाताऱ्यांमध्ये दोघे अजून बरोबर नांदत होते.

औषध तयार व्हायला एकवीस महिने लागले. पहिल्या तुकडीत बारा जण हवे होते. पहिली तुकडी म्हणजे काय, ते सबनीसांनी लपवलं नाही. प्राण्यांमध्ये चाललेलं औषध माणसात प्रथमच जाणार होतं आणि एकदा टोचलं की परत काढता येणार नव्हतं.

अनु कोचीहून चार दिवसांच्या रजेवर आली. संमतीपत्र टेबलावर होतं.

"दुसऱ्या तुकडीत जा," सुनीती म्हणाली. "आधी बाकीच्यांचं काय होतं ते बघू."

"सगळ्यांच्या आया असंच म्हणाल्या तर पहिली तुकडी होणार कशी?" अनुने पेन उचललं. "अख्खं ब्रॅकनफर्ड उकरून काढलंस, आणि आता घाबरलीस?"

"हो. घाबरले. फार घाबरले."

"मग माझ्याजवळ बस. कागदाकडे नको, माझ्याकडे बघ."

सुनीतीने बघितलं. मुलीच्या कपाळावर कारखान्यातला काळा डाग राहिला होता आणि हनुवटी सॅम्युएलसारखी होती. इतके दिवस हे आपल्याला दिसलंच नव्हतं, याचं तिला वाईट वाटलं. अनुने सही केली.

बारांपैकी एकाला औषध मानवलं नाही; तो महिनाभर अतिदक्षता विभागात होता आणि कसाबसा वाचला. त्या महिन्यात सुनीती काय जगली ते तिचं तिला माहीत. अनुला दोन दिवस ताप आला, एवढंच. वर्षाने तपासणीत हृदयाची भिंत गेल्या वर्षीइतकीच जाड निघाली. दुसऱ्या वर्षी तेवढीच. सबनीस दर वेळी आकडे वाचून दाखवायचे आणि दर वेळी म्हणायचे, की अजून काही म्हणता येत नाही, बघत राहायचं. शास्त्रज्ञाला ते शोभून दिसतं. सुनीती बघत राहिली.

सुनीती निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. मार्चमधला एक मंगळवार होता. गेले काही दिवस ती कॅलेंडरकडे जायचं टाळत होती आणि तरी तिला तारीख पाठ होती. काल दिवसभर तिने फोन हातातून खाली ठेवला नव्हता आणि अनुला एकदाही लावला नव्हता. मुलीला त्या तारखेची आठवण करून द्यायची नव्हती.

सकाळी सव्वासातला ती चहा गाळत होती, तेव्हा कोचीहून फोन आला. मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

"आई, उठलीस?"

"कधीच. काय गं, एवढ्या सकाळी?"

"काही नाही. कालचा दिवस धरला तर बरोब्बर पप्पांएवढी झाले. मी सगळे दिवस मोजले होते." मागचा भोंगा थांबला. "आजपासून मी पप्पांपेक्षा मोठी."